काय उजेड पाडलात!

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय, तेव्हा आधीच सांगून ठेवतो. ज्यांना जुन्या गाड्यांमध्ये काडीचाही रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. गाडी निमित्तमात्र आहे, मुद्दा रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचा आहे.

झालं असं, की गेल्या रविवारी सकाळी आम्ही चार-पाच जण शिवाजी पार्कला भेटलो. सगळे माझ्याच जातकुळीतले. आठवडाभर एसीत बसून दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढायचे आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या गाडीखाली आडवं होऊन हात काळे करायचे. त्यातल्या एका मित्राने त्याच्या पद्मिनीच्या हेडलाइटमध्ये नवे एलईडी बल्ब बसवून आणले होते. सकाळी नऊ वाजता, भर उन्हात, त्याने ते लावून दाखवले. उन्हातसुद्धा डोळे दिपले! "रात्री बघ लेका, समोरची मर्सिडीज मला डिपर मारते," तो छाती फुगवून म्हणाला. सगळ्यांनी वाहवा केली. मी चहा प्यायलो, "छान आहे" असं काहीतरी पुटपुटलो आणि घरी आलो.

ते "छान आहे" मला आठवडाभर टोचत होतं. म्हणून हा सगळा प्रपंच.

आधी माझं म्हणणं काय ते सरळ सांगतो, म्हणजे नंतर गैरसमज नको. जुन्या गाडीला एलईडी जरूर लावा. मागचे दिवे, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, नंबर प्लेटचा दिवा, डॅशबोर्ड, सगळीकडे लावा. पण फिलामेंटच्या बल्बसाठी घडवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडीचा बल्ब कोंबू नका. गंमत अशी की आपल्याकडचे हौशी लोक बरोबर याच्या उलट करतात. हेडलाइटला पाच हजारांचे बल्ब, आणि मागे ब्रेकचा दिवा लागतोय की नाही हे चार महिन्यांत वळून पाहिलेलं नसतं.

आता माझ्या गाडीबद्दल थोडं. १९७९ ची प्रीमियर पद्मिनी. बाबांनी १९८८ साली सेकंडहँड घेतली, कारण नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची तेव्हा रीत होती. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ही गाडी फियाट ११०० डी म्हणून बनत होती, पुढे १९७० च्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. आमची गिरगावातली चाळ, तीन जिने, वीस बिऱ्हाडं आणि गाडी एकच. त्यामुळे ती एकट्या बाबांची कधी नव्हतीच. बाळंतिणीला हॉस्पिटलात न्यायला, कुणाच्या मुलीच्या लग्नात नवरदेवाला आणायला, सगळीकडे तीच.

काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तर ती अख्ख्या मुंबईची होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदवली गेली होती, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. तेव्हा पेपरात काय ते उमाळे आले होते! म्हणजे आता मुंबईत ज्या पद्मिनी उरल्या त्या माझ्यासारख्या आणि त्या मित्रासारख्या हौशी लोकांकडेच. रोजच्या पोटापाण्यासाठी चालवणारा टॅक्सीवाला तिच्याशी असले खेळ करत नसे. फ्यूज बल्ब काढायचा, तसलाच नवा बसवायचा, बास. खेळ आपण करतो, कारण आपल्याला वेळ आहे, पैसा आहे आणि यूट्यूब आहे.

हे मी कोणत्या तोंडाने सांगतोय? तर पोळलेल्या तोंडाने. तीन वर्षांपूर्वी हा उद्योग मीही केला होता.

मी परळला राहायला आल्यावर गाडी माझ्याकडे आली. रात्री चालवली की हेडलाइट म्हणजे देवघरातली समई वाटायची. सिग्नलला उभं राहिलं की आणखी मंद, रेस केली की जरा प्रखर. आधीच्या मालकाने कधीतरी एच-फोर बल्बवाले सात इंची गोल हेडलॅम्प बसवून घेतले होते, त्यामुळे माझं काम सोपं होतं. ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत गेलो, एच-फोरच्या खोबणीत बसणारे एलईडी बल्ब घेतले. साडेचार हजार रुपये जोडी. खोक्यावर "२०० वॅट, ६५०० केल्विन, प्लग अँड प्ले". घरी येऊन वीस मिनिटांत बसवले. समोरची भिंत अशी काही पांढरीशुभ्र झाली की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमारास आई-बाबांना एका बारशाहून परतल्यावर परळला आणायचं होतं. मी गिरगावात आमच्या वाडीच्या तोंडाशी गाडी वळवली. बाबा ओट्याच्या पायरीवर पिशवी घेऊन उभे होते. वय ७६, एका डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा बाकी. गाडीचा झोत त्यांच्या तोंडावर गेला. लो बीमच होता बरं का, हाय नव्हे. त्यांनी डोळ्यांवर हात धरला, एक पाऊल मागे घेतलं आणि पायरी चुकली. मनगटावर पडले. हेअरलाइन फ्रॅक्चर, पाच आठवडे प्लास्टर.

हॉस्पिटलात एक्स-रेची वाट बघताना मी नुसता "सॉरी बाबा, सॉरी बाबा" करत होतो. ते म्हणाले, "अरे, तुझं काय चुकलं? मला वाटलं कुठलातरी टेम्पो शिरला वाडीत. आपल्या गाडीचा उजेड असा नव्हता रे कधी."

ज्या माणसाने ती गाडी पंचवीस वर्षं चालवली, लांबून नुसत्या आवाजावरून ओळखली, त्याला ती समोर येऊनही दिसली नाही. त्याला फक्त झोत दिसला. त्या रात्री मी घरी आलो आणि बल्ब काढून ठेवले. मग एक इंजिनिअर म्हणून जे आधी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे ही वस्तू मुळात चालते कशी ते वाचलं.

हेडलाइट म्हणजे बल्ब नव्हे. बल्ब, त्यामागचा वाटीसारखा आरसा आणि पुढची रेघारेघांची काच, या तिघांचं मिळून ते यंत्र असतं. एच-फोर बल्बमध्ये दोन बारीक फिलामेंट असतात, लोसाठी एक, हायसाठी एक. आरसा घडवताना फिलामेंट नेमकं कुठे असेल हे धरून घडवलेला असतो, आणि तिथे मिलिमीटरच्या अंशाला महत्त्व असतं. लो बीमच्या फिलामेंटखाली धातूची छोटीशी वाटी असते. ती खालच्या बाजूचा प्रकाश अडवते, त्यामुळे आरशाचा वरचा अर्धाच भाग वापरला जातो आणि झोत रस्त्याकडे खाली वळतो. म्हणजे समोरच्याच्या डोळ्यात प्रकाश जाऊ नये याची सोय त्या एवढ्याशा वाटीत आहे.

आता एलईडीचा बल्ब बघा. मधे एक चपटी पट्टी, तिच्या दोन बाजूंना चिप. फिलामेंट सगळ्या बाजूंना उजळतं, चिप फक्त तिच्या तोंडासमोर. तिचा आकार वेगळा, जागा किंचित वेगळी, वाटीच्या जागी एक पत्र्याची नक्कल. आरशाला बिचाऱ्याला हे कुठे माहीत? तो आपला जुन्या हिशेबाने प्रकाश फेकत राहतो आणि तो नको तिथे जातो. वर, बाजूला, समोरच्याच्या डोळ्यात. पुष्कळदा गाडीच्या अगदी पुढ्यात भरपूर उजेड पडतो, आपल्याला वाटतं वा, काय दिसतंय! आणि लांबचा रस्ता, जिथे खरी गरज असते, तो पहिल्यापेक्षा काळोखा. पुढ्यातल्या चकचकाटाने आपल्याच डोळ्यांची बाहुली लहान होते, ती वेगळीच.

माझ्या व्यवसायबंधूंना एका वाक्यात सांगायचं तर, खोबणीत बसलं म्हणजे इंटरफेस पाळला असं होत नाही. फंक्शनचं नाव तेच, पॅरामीटर तेच, म्हणून कंपाइल झालं. पण आतली गृहीतकं सगळी मोडली. असा कोड ऑफिसात कुणी चेक-इन केला तर आपण रिव्ह्यूमध्ये त्याची सालटी काढू. आणि स्वतःच्या गाडीत? थेट प्रॉडक्शनला, टेस्टिंग न करता, आणि टेस्टर म्हणून रस्त्यावरचे म्हातारेकोतारे!

आणि ते "२०० वॅट"? अॅमीटर लावून बघितला. एका बल्बला २८ वॅट. असो.

मग माझी मूळ तक्रार, समईसारख्या दिव्यांची, तिचं काय? इथे खरी गंमत आहे. लालबागला आमचे एक इलेक्ट्रिशियन मामा आहेत. जुन्या गाड्यांचं वायरिंग करण्यात सगळी हयात गेली. त्यांच्याकडे जुने बल्ब परत लावून गाडी नेली आणि रडगाणं सांगितलं. त्यांनी बल्बकडे ढुंकूनही बघितलं नाही. मल्टीमीटर काढला. इंजिन चालू, हेडलाइट चालू, बॅटरीवर १३ व्होल्ट. बल्बच्या सॉकेटवर १०.९. मामा माझ्याकडे बघून म्हणाले, "दोन व्होल्ट रस्त्यातच खाल्ले की रे कोणीतरी!"

फिलामेंटचं गणित क्रूर असतं. व्होल्टेज जरा घसरलं की प्रकाश त्याच्या कितीतरी पट घसरतो. साधारण ३.४ चा घात धरतात. दहा टक्के व्होल्टेज गेलं तर तीस टक्के प्रकाश गेला. माझ्या आकड्यांनी हिशेब केला तर मला मिळायला हवा होता त्याच्या जेमतेम ५५ टक्के प्रकाश मिळत होता. बाकीचा चाळीस वर्षांच्या वायरी, गंजलेलं अर्थिंग आणि स्टिअरिंगखालचा स्विच यांत गरम होऊन उडून जात होता. हेडलाइटचा सगळा करंट त्या एवढ्याशा स्विचमधून जायचा!

मामांनी दोन रिले बसवले, म्हणजे स्विचने फक्त हुकूम द्यायचा आणि करंट बॅटरीपासून जाड वायरीने थेट बल्बकडे जायचा. अर्थिंगच्या जागा घासून नवीन टर्मिनल मारली, सॉकेट बदलले. आरसा आतून मळला होता म्हणून हेडलॅम्प बदलले, पण तसेच, काचेचे, एच-फोरचे. बल्ब साधे ६०/५५ वॅटचे हॅलोजन. हेडलॅम्प सोडून सगळं अडीच हजारांच्या आत, मजुरीसकट. सॉकेटवर आता १२.७ येतात. मामांनी गाडी भिंतीसमोर उभी करून खडूने रेघ मारून झोत जुळवून दिला, तो वेगळा. त्याचे पैसे घेतले नाहीत, फक्त "पुन्हा असली थेरं करू नकोस" एवढं ऐकवलं.

म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं माझं चाललं होतं. रूट कॉज वायरिंगमध्ये आणि मी बल्ब बदलत बसलो होतो.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो, कारण शिवाजी पार्कला तेही होते. "ओरिजिनल ते ओरिजिनल. माझ्या गाडीत बल्बसुद्धा त्या काळचे आहेत," असं एक गृहस्थ अभिमानाने सांगत होते. माफ करा, पण हा अभिमानही तितकाच घातक आहे. ब्रेकच्या साध्या बल्बचं फिलामेंट तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. एलईडी जवळपास ताबडतोब लागतो. ताशी ६० किलोमीटरने येणारी मागची गाडी तेवढ्या वेळात सव्वातीन मीटर पुढे येते. १९७९ साली तुमच्या मागे दुसरी फियाट असायची, तिचेही ब्रेक तुमच्यासारखेच. आज कोस्टल रोडच्या बोगद्यात तुमच्या मागे दोन टनांची एसयूव्ही असते आणि तिचा ड्रायव्हर मोबाइलकडे बघत असतो. सव्वातीन मीटर म्हणजे तुमची डिकी, मागची सीट आणि त्यावर बसलेली मुलं. तिथे ओरिजिनॅलिटी कुणाला दाखवायची आहे?

शिवाय दिव्यांचा भार बघा. रात्री सिग्नलला ब्रेकवर पाय आणि इंडिकेटर चालू, अशा अवस्थेत हेडलाइट सोडून काय काय जळतं? ब्रेकचे दोन २१ वॅटचे, एका बाजूच्या इंडिकेटरचे दोन २१ चे, मागचे दोन ५ चे, पुढचे पार्किंगचे दोन ५ चे, नंबर प्लेटचा एक ५ चा. बेरीज १०९ वॅट. हेडलाइटचे ११० त्यात मिळवा. जुन्या गाडीत डायनॅमो असेल तर इंजिन आयडलिंगला असताना तो एवढं देऊच शकत नाही, सगळं बॅटरीतून जातं. ते १०९ वॅटचं काम एलईडी पंधरा-वीस वॅटमध्ये करतो. म्हणजे मागे एलईडी लावलेत की पुढच्या हेडलाइटलाही बरे दिवस येतात. हा अपग्रेड कुणाच्या लक्षात येत नाही, त्याचा फोटोही काढता येत नाही, म्हणून कुणी करत नाही.

करणार असाल तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. लाल काचेमागे लाल एलईडी लावा आणि नारिंगी काचेमागे नारिंगी. पांढऱ्याशुभ्र एलईडीत लाल रंगाचा वाटा कमी असतो, लाल काच बाकीचं सगळं गिळते आणि हाती फिकट गुलाबीसर काहीतरी येतं. दुसरं, इंडिकेटरची जुनी फ्लॅशरची डबी बदलावी लागेल. ती बल्बच्या करंटने तापून चालू-बंद होते, एलईडीचा करंट इतका थोडा की ती तापतच नाही आणि दिवा मारुतीसारखा स्थिर उभा राहतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्या. तिसरं, एवढं करूनही डावा इंडिकेटर दिला की चारही दिवे लुकलुकायला लागले तर घाबरू नका. डॅशबोर्डवरचा एकुलता एक इंडिकेटरचा दिवा डाव्या आणि उजव्या वायरीच्या मधे जोडलेला असतो, आणि त्यातून गळणारा करंट एलईडीला पुरतो. माझ्या गाडीत हा बग शोधायला एक अख्खा रविवार गेला. दोन डायोड, दहा रुपये, प्रश्न मिटला :-)

आता नेहमीचे युक्तिवाद.

"नव्या सगळ्या गाड्यांना एलईडीच असतात." असतात ना. पण त्यांचा आरसा, भिंग, सगळं त्या एलईडीभोवती घडवलेलं असतं. नव्या गाडीत कंपनीने एलईडी लावला म्हणून माझ्या आजोबांच्या चष्म्याच्या फ्रेममध्ये मी दुर्बिणीची काच बसवत नाही.

"मग आम्ही अख्खा सात इंची एलईडी हेडलॅम्प लावतो." हे त्यातल्या त्यात बरं, कारण त्यात निदान आरसा नि चिप एकमेकांसाठी बनलेले असतात. पण घेताना झोत भिंतीवर पाडून बघा. आपण डावीकडून चालतो, म्हणजे लो बीमचा वर चढणारा भाग डाव्या बाजूला, फुटपाथकडे हवा. अमेरिकन जीपसाठी बनलेले बरेच दिवे बाजारात येतात, त्यांचा तो भाग उजवीकडे चढतो, म्हणजे बरोबर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात.

"रस्ते अंधारे असतात." कुठले? लालबाग, परळ, दादर, गिरगाव? या भागात रात्री बारा वाजताही रस्त्यावर पेपर वाचता येतो. इथे तुम्हाला उजेड कमी पडत नाही. इथे तुमच्यासमोर माणसं असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल बंद झाला, तिथली गाड्यांची गर्दी टिळक पुलावर आणि करी रोडला वळली. त्या गर्दीत समोरासमोर, दहा फुटांवर, स्कूटरवर डबलसीट बायको आणि मधे पोर घेऊन जाणारा माणूस असतो. त्याच्या डोळ्यासमोर दोन सेकंद अंधारी आली तर काय होऊ शकतं याचा विचार करा.

"पोलीस कुठे पकडतात?" हा आपला राष्ट्रीय युक्तिवाद. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला १०६ वा नियम वाचा. पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा. इतका की दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडे अर्ध्या मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. दीड मीटर! म्हणजे तुमच्या-माझ्या आईची उंची. कायदा लिहिणाऱ्याने समोर उभ्या माणसाचे डोळे कुठे असतील हे मोजून लिहिलंय. आपण खोक्यावरचे वॅट मोजतो. लहानपणी हेडलाइटच्या मधोमध काळा ठिपका रंगवलेल्या गाड्या पाहिल्याचं आठवत असेल. तेव्हा त्याची आपण टिंगल करायचो. त्या ठिपक्यामागे निदान समोरच्याचा विचार होता.

(ज्यांना पुढेमागे व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची आहे त्यांच्यासाठी: जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडीच व्हिंटेज धरतात. पहिल्या पद्मिनी आत्ता त्या वयात येताहेत. तेव्हा काढलेला प्रत्येक जुना पार्ट डब्यात जपून ठेवा, विकू नका.)

राहता राहिला रंगाचा प्रश्न. इथे मला मरीन ड्राइव्ह आठवतो. २०१५ च्या सुरुवातीला तिथले सोडियमचे पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले होते. विजेची बचत म्हणून. केवढा गदारोळ झाला! राणीचा रत्नहार गेला म्हणून गिरगाव चौपाटीवर भेळ खाणाऱ्यांपासून हायकोर्टापर्यंत सगळे बोलले, शिवसेना आणि भाजप तर सत्तेत एकत्र असून एकमेकांवर धावले. जो तो एलईडीच्या बाजूने किंवा विरुद्ध. अरे, पण एलईडी पांढराच असतो असं कुणी सांगितलं? तो पिवळसरही मिळतो, आणि शेवटी मरीन ड्राइव्हला तसेच पिवळसर दिवे आले. बचतही राहिली, हारही राहिला. तंत्रज्ञान वाईट नव्हतं, ते लावताना तिथे संध्याकाळी बसणाऱ्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं, इतकंच.

हॅलोजनचा रंग साधारण ३२०० केल्विन, आपण बसवतो ते ६५०० चे. वय झालं की डोळ्यातलं भिंग धुरकट होतं, मोतीबिंदू असेल तर आलेला झोत आतल्या आत विखुरतो, आणि दिपल्यावर पुन्हा नीट दिसायला तरुण माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. गिरगाव-दादरच्या चाळींमध्ये आता मागे राहिलंय कोण? मुलं ठाण्याला, पुण्याला, न्यू जर्सीला. रात्री जेवण झाल्यावर शतपावलीला खाली उतरतात ते सगळे पासष्टच्या पुढचे. आपण जुनी गाडी घेऊन त्यांच्याच गल्लीत जातो, "बघा काका, आठवतेय का पद्मिनी?" म्हणून. आणि पहिलं काय करतो, तर त्यांच्या डोळ्यात झोत मारतो.

गाडीतली बाकी प्रत्येक गोष्ट तुमची आहे. सीट कव्हर तुमचं, स्टिरिओ तुमचा, इंजिन बसलं तर खिसा तुमचा. हेडलाइट एवढी एकच वस्तू अशी आहे की जिचा अर्धा परिणाम दुसऱ्याच्या डोळ्यात होतो. तिथे "माझी गाडी, मी काहीही करीन" चालत नाही.

माझ्या त्या मित्राला (वाचत असशीलच) एवढंच सांगतो. आज रात्री गाडी चालू कर, लो बीम लाव, आणि आठ मीटर चालत जा. मग वळ, उजवीकडे थोडा सरक, गुडघे वाकवून आईच्या उंचीचा हो आणि आपल्याच गाडीकडे बघ. गाडी दिसली तर माझं चुकलं, पुढच्या रविवारचा चहा आणि मिसळ माझ्याकडून. नुसता झोत दिसला, तर लालबागच्या मामांचा नंबर माझ्याकडे आहे.

बाबांचं मनगट आता बरं आहे. पावसाळ्यात थोडं दुखतं म्हणतात. डोळ्याचं ऑपरेशनही झालं. गेल्या महिन्यात त्यांना घ्यायला गेलो तेव्हा वाडीच्या तोंडाशीच उभे होते, मी वळायच्या आधीच हात वर करून. "लांबूनच ओळखली," म्हणाले.

असो. फार लांबलं. भेटू पुढच्या शनिवारी.